चाकणचा बैलबाजार आणि व्हॅनचा सौदा

पुणे-नाशिक रस्ता हा आमच्या भागातला मोठा बोलका रस्ता आहे. नारायणगावाला मीना, कळंबला घोड, राजगुरुनगरला भीमा आणि मोशीला इंद्रायणी अशा नद्या ओलांडत तो पुण्याकडे उतरतो. वाटेत नारायणगावचा टोमॅटोचा बाजार लागतो, मंचरचा बाजार लागतो, हुतात्मा राजगुरूंचे जन्मगाव लागते आणि पुढे चाकण येते. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला येतात. तिथेसुद्धा तासन्‌तास घासाघीस चालते. थोडक्यात, या रस्त्याच्या कडेचा माणूस लहानपणापासून भाव करतच मोठा होतो. टोमॅटोच्या क्रेटमागे दहा रुपयांसाठी तो अर्धा तास भांडेल. पण हाच माणूस मोटारीच्या काचेच्या शोरूममध्ये शिरला की त्याची जीभ जड होते. समोरचा जो आकडा सांगेल तो मान खाली घालून ऐकून घेतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे या रस्त्यावरच्या एका फेरीत मला चांगले पाहायला मिळाले. ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

नारायणगावाच्या पूर्वेला, जिथून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर रुंदीच्या थाळ्या दिसतात, त्या बाजूच्या एका वाडीवर माझे जाणेयेणे आहे. कृषी विस्ताराच्या कामात अशी काही घरे आपलीच होऊन जातात. घरात म्हातारी आजी, दादा-वहिनी, दोन मुलगे, थोरली सून आणि दोन नातवंडे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला जो भाव आला त्यातले काही पैसे त्यांनी बँकेत तसेच ठेवले होते. त्याला हात लावायचा नाही असे ठरले होते. पण आजींना हृदयाचा त्रास सुरू झाला. दर महिन्याला पुण्याला दाखवायला न्यायचे, दर वेळी भाड्याची गाडी शोधायची. एकदा रात्री अकराला त्यांना धाप लागली. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन्हीकडे ऊस, आणि जुन्नर भागात उसात बिबट्या असतो हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. दुचाकीवर मध्ये आजीला बसवून त्या वाटेने निघायची कुणाची छाती होईना. शेवटी शेजारच्या वाडीवरून टेंपो आला तेव्हा बारा वाजून गेले होते. आजी वाचल्या; पण त्या रात्रीनंतर दादा म्हणाले, "साहेब, आता गाडी पाहिजेच. घरातली सहा माणसं बसतील अशी व्हॅन बघू. पण तुम्ही संगट चला. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

व्हॅन हे वाहन आपल्या खेड्यांना नवीन नाही. १९८४ साली मारुतीची पहिली व्हॅन आली. तिलाच पुढे ओम्नी नाव पडले. ७९६ सी.सी.चे लहानसे इंजिन आणि बाजूला सरकणारे दार. त्या गाडीतून वरात गेली, आजारी माणूस गेला, शाळेची पोरे गेली आणि भाजीच्या पाट्याही गेल्या. २०१० मध्ये जरा मोठी ईको आली आणि २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले. आज इतर कंपन्यांच्याही सहा-सात आसनी गाड्या आहेत. दादांनी शेवटी कुठल्या कंपनीची घेतली ते मी सांगणार नाही, कारण भाव करायची रीत सगळीकडे एकच आहे.

बाजारातला रुमाल

२०२५ च्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार आम्ही मुद्दाम धरला. एक तर महिनाअखेर होती. दुसरे म्हणजे शनिवारी चाकणचा गुरांचा बाजार असतो आणि दादांच्या मेहुण्याला एक खोंड पाहायचे होते. पहाटे थंडीत निघालो. दादा, वहिनी, थोरली सून आणि मी. नवे वळणरस्ते झाल्यापासून कळंब, मंचर, राजगुरुनगर ही गावे बाजूला राहतात आणि प्रवास लवकर होतो. वाचलेला सगळा वेळ मात्र चाकणच्या तळेगाव चौकातली वाहनांची कोंडी पुरता वसूल करून घेते.

चाकण हे गाव मला नेहमी विचारात पाडते. इथल्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला पन्नासहून अधिक दिवस झुलवत ठेवले. भुईकोट किल्ला, मोजकी माणसे. पण घाई शत्रूला होती, किल्लेदाराला नव्हती. आज त्याच चाकणच्या आसपास बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. माळरानावर जिथे पूर्वी बाजरी होती तिथून कंटेनर भरून वाहने बाहेर पडतात. आणि त्याच गावात दर शनिवारी दावणी लागतात, खिलार खोंडे उभी राहतात आणि म्हशींच्या पाठीवर तेल चमकते. पुष्कळांना वाटते की चाकणला कारखाने आहेत म्हणजे गाडी इथे स्वस्त मिळेल. तसे काही नसते. कारखान्याच्या फाटकावर किरकोळ गिऱ्हाईकाला गाडी विकत नाहीत. ती वितरकाकडूनच घ्यावी लागते, आणि कंपनीने ठरवलेली शोरूम किंमत भोसरीला काय, नारायणगावला काय, सारखीच असते.

बाजारात दादांचे रूप पालटले. एका दावणीला दोन दाती खिलार खोंड होते. आमच्या भागात बैलगाडा शर्यतीचे वेड जुने आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, तेव्हापासून चपळ खोंडाचे मोल वाढलेले आहे. दादांनी आधी किंमत विचारलीच नाही. तोंड उघडून दात पाहिले. खांद्यावरून हात फिरवला. खूर उचलून पाहिले. मग मालकाला म्हणाले, "जरा चालवून दाखव." वीस पावले चालवून आणले. पुन्हा उलट्या बाजूने चालवायला लावले. मग पलीकडच्या दावणीला जाऊन तशाच दुसऱ्या खोंडाचा भाव विचारून आले. तेव्हा कुठे हेड्या पुढे आला आणि त्याने खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला.

ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगायची ही जुनी चाल आहे. किती बोटे दाबली ते दोघांनाच कळते. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कुणाला काही समजत नाही. दादांनी तीनदा हात काढून घेतला, तीनदा मागे फिरले आणि शेवटी खोंड न घेताच निघाले. चहा पिताना सूनबाईंनी विचारले, "मामंजी, उघड का बोलत नाहीत?" दादा हसले. "उघड बोललं तर शेजारच्याला भाव कळंल. भाव न कळणं यातच दलालाचं पोट असतंय, पोरी."

हे वाक्य मी मनात धरून ठेवले. कारण पुढच्या दोन तासांत त्याचा उपयोग होणार होता.

काचेच्या दारामागे

चाकणहून मोशीमार्गे भोसरीकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारींची शोरूम आहेत. पहिल्या शोरूममध्ये शिरताच थंडगार हवा लागली. एका तरुणाने लवून नमस्कार केला, खुर्च्या दिल्या, कॉफी आली. मुलगा बोलायला गोड होता. गाडीचे दार सरकवून दाखवले, वहिनींना पुढच्या आसनावर बसवले, फोटो काढला. मग एका कागदावर एकच आकडा लिहून दादांपुढे सरकवला. "काका, ही ऑन रोड किंमत. सगळं धरून. आजच बुक केलीत तर काहीतरी बघतो."

खोंडाचे दात पाहणारे दादा त्या आकड्याकडे नुसते बघत राहिले. "काही कमी?" एवढेच म्हणाले. मुलाने आत जाऊन साहेबांना विचारल्यासारखे केले आणि येऊन सांगितले, "दोन हजार कमी करतो, शिवाय मॅटिंग फुकट." दादांचा हात खिशाकडे जाऊ लागला. आजींची ती रात्र त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात, आणि विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची गरज फार लवकर दिसते.

तेवढ्यात सूनबाई बोलल्या. त्या वाडीतल्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितात. दर दहा दिवसांनी प्रत्येकाच्या लिटरचा, फॅटचा आणि कपातीचा मेळ घालायचा त्यांना सराव आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, यात विमा किती? टॅक्स किती? कपात कशाकशाची आहे, ते वेगवेगळं लिहून द्या ना." मुलगा जरा थबकला. "ताई, सगळं मिळूनच असतं." सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मिळूनच असू द्या. पण कशा-कशाचं मिळून, ते लिहा."

त्या मुलाचाही दोष नाही. गप्पा निघाल्या तेव्हा कळले की तो शिरूर तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरातला. महिन्याला इतक्या गाड्या विकल्या तरच त्याला वरचे पैसे मिळतात. पण त्याच्या कागदावरचा तो एकच आकडा म्हणजे चाकणचा रुमाल होता. तो उचलला की खालची बोटे दिसतात.

हलणारे आकडे आणि न हलणारे आकडे

पुढच्या दोन शोरूममध्ये आम्ही बसताक्षणीच वेगवेगळ्या बाबींचे लेखी कोटेशन मागितले. तिन्ही ठिकाणी गाडी एकच, प्रकार एकच, इंधन एकच. रात्री घरी कंदिलाएवढ्या दिव्याखाली नव्हे, चांगल्या ट्यूबलाइटखाली सगळे घर बसले आणि सूनबाईंनी तिन्ही कागदांतले आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडले. वाचकांनीही तसेच करावे. मांडणी केली की दोन प्रकारचे आकडे आपोआप वेगळे होतात.

पहिला प्रकार न हलणाऱ्या आकड्यांचा. कंपनीची शोरूम किंमत, तिच्यात आधीच धरलेला जी.एस.टी., रोड टॅक्स आणि पासिंगची सरकारी फी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जी.एस.टी. १८ टक्के झाला. लहान म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० सी.सी.पर्यंत इंजिन. त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. म्हणून घरात पडलेल्या त्याआधीच्या दरपत्रकावर विसंबू नये. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स बसतो. शोरूम किंमत सहा लाख असेल तर टॅक्स ६६,००० रुपये. हा आकडा कुठल्याही वितरकाकडे तोच निघाला पाहिजे. सीएनजीचा दर याहून कमी आहे. या आकड्यांवर घासाघीस करण्यात अर्थ नाही. फक्त ते बरोबर आहेत ना, एवढे पाहायचे.

दुसरा प्रकार हलणाऱ्या आकड्यांचा. सौदा तिथे असतो.

विमा हा त्यातला पहिला. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा, म्हणजे थर्ड पार्टी, सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याचा हप्ता प्रत्येक विमा कंपनीचा वेगळा असतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. बाहेरून त्याच गाडीचे, त्याच संरक्षणाचे दर मागवावेत आणि ते दाखवून बोलावे. झाकण तेवढेच पाहिजे हे मात्र तपासावे. हप्ता कमी आणि संरक्षणही कमी, असा कागद कामाचा नाही.

दुसरा आकडा अॅक्सेसरीजचा. पायपुसणी, आसनांचे कव्हर, चिखलरोधक, रंगाला लावायचे लेपन अशा वस्तूंचा एक गठ्ठा करून कोटेशनला जोडतात. त्यातली जी वस्तू आपल्याला हवी तेवढीच घ्यावी. पुष्कळशा वस्तू तालुक्याच्या गावी कमी पैशांत मिळतात. वाढीव वॉरंटी ही वेगळी गोष्ट आहे. तिचा विचार करावा, पण स्वतंत्रपणे, किंमत विचारून.

तिसरा आकडा हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक चार्ज अशा नावांचा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च शोरूम किमतीत आलेलाच असतो. "हे कशाचे आणि याची स्वतंत्र पावती देणार का?" एवढा साधा प्रश्न विचारला की हा आकडा बहुधा गळून पडतो.

चौथा आकडा सवलतीचा. कंपनी आणि वितरक मिळून ती देतात. ती महिन्यागणिक बदलते आणि महिनाअखेरीस, मार्चअखेरीस व डिसेंबरात वाढण्याचा संभव असतो. दसरा-पाडव्याला गिऱ्हाइकांची रांग असते, तेव्हा वितरकाला हात सैल सोडायची गरज नसते. पोळ्याच्या तोंडावर बैल घेणाऱ्याची जी गत तीच मुहूर्ताला गाडी घेणाऱ्याची. मुहूर्त साधायचाच असेल तर सौदा आधी लेखी पक्का करावा आणि ताबा मुहूर्ताला घ्यावा. डिसेंबरातल्या सवलतीला एक बाजू आहे, तीही ध्यानात ठेवावी. वर्ष उलटले की कागदोपत्री ती गाडी एका वर्षाने जुनी होते. दहा वर्षे वापरणाऱ्याला त्याचे काही वाटू नये, पण तीन वर्षांत विकणाऱ्याला त्याचा फटका बसतो.

दादांची तीन कोटेशने अशी मांडल्यावर एका वितरकाकडे विमा स्वस्त, दुसऱ्याकडे सवलत जास्त, तिसऱ्याकडे हँडलिंग नाही, असे निघाले. सोमवारी सूनबाईंनी सगळ्यात जवळच्या वितरकाला फोन केला. भांडण नाही, आवाज नाही. "तुमच्याकडून घ्यायची आमची इच्छा आहे, कारण सर्व्हिसिंगला तुम्ही जवळ. पण या चार बाबी अशा असाव्यात," एवढेच म्हणाल्या. संध्याकाळी उत्तर आले. विम्यात ८,५०० कमी झाले. चौदा हजारांच्या गठ्ठ्यातले अडीच हजारांचे सामान ठेवले, म्हणजे ११,५०० वाचले. हँडलिंगचे ४,५०० गेले. सवलत १०,००० ने वाढली. एकूण ३४,५०० रुपये. पहिल्या दिवशी "दोन हजार कमी आणि मॅटिंग फुकट" यावर दादा विसार देऊन मोकळे होणार होते, हे ध्यानात घ्या. या पैशांत पुढच्या एकरभर टोमॅटोच्या रोपांचा आणि मल्चिंग पेपरचा खर्च निघाला.

याहून जास्त ताणायला आम्ही गेलो नाही. नव्या गाडीत वितरकाला मिळणारे कमिशन मोठे नसते. बैलाच्या सौद्यात सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याला मागतात, तसे इथे मागणे म्हणजे आपलेच हसू करून घेणे. त्यालाही चार पैसे सुटावेत, आपल्यालाही फसल्यासारखे वाटू नये, तो रास्त भाव. पुढची दहा वर्षे त्याच्याच कारखान्यात गाडी न्यायची आहे, हेही विसरू नये.

हप्त्याची गोडी

कर्ज घेऊन गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. शोरूममध्ये विचारतात, "महिन्याला किती झेपेल?" हा प्रश्न ऐकला की सावध व्हावे. आधी गाडीची किंमत ठरवावी, मग कर्जाचे बोलावे. उदाहरण देतो. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,३८० रुपये येतो. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८,०४५ रुपये. ऐकायला गोड वाटते. पण एकूण व्याज जवळजवळ ५३,००० रुपयांनी वाढते. शिवाय आपले पैसे महिन्याला येत नाहीत. टोमॅटोचे एकदा येतात, उसाचे एकदा येतात. घरात दुधाचे उत्पन्न असेल तर त्यातून हप्ता निघेल का, हे आधी पाहावे. व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेड केल्यास लागणारा आकार हे बँकेला किंवा पतसंस्थेला स्वतः विचारावे. शोरूममध्ये बसलेला कर्जवाला हा तेवढा एकच सावकार जगात नाही.

जुनी गाडी बदलून नवी घ्यायची असेल तर दोन सौदे वेगळे ठेवावेत. जुन्या गाडीला दहा हजार जास्त द्यायचे आणि नव्याची सवलत बारा हजारांनी कमी करायची, हा हिशेब सहज खपून जातो. शेवटी खिशातून किती जाणार, एवढाच फरक तिन्ही ठिकाणी ताडून पाहावा.

जुनी व्हॅन घ्यायची तर

चाकण ते भोसरी रस्त्याला जुन्या गाड्यांचेही व्यापारी आहेत. नवी झेपत नसेल तर जुनी घेण्यात कमीपणा नाही. मात्र इथे चाकणच्या बाजारातले दादा व्हावे. दात पाहावेत, खूर पाहावेत, चालवून पाहावे. आर.सी. बुकावरचा चेसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून पाहावा. सातबाऱ्यावरचा बोजा जसा पाहता, तसा आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मागावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर सह्या झाल्या म्हणजे काम झाले असे समजू नये. आर.टी.ओ.त नाव लागले पाहिजे आणि विमाही आपल्या नावावर झाला पाहिजे. जुन्या मालकाचे दंडाचे चलन शिल्लक आहे का तेही परिवहन खात्याच्या मोबाइल अॅपवर पाहता येते. सीएनजीचे किट असेल तर त्याची आर.सी.वर नोंद हवी आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. खाजगी गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर तो खर्चही किमतीत धरावा. आणि आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, व्यापाऱ्याच्या ओळखीचा नव्हे.

विसार देण्यापूर्वी

सौदा पटला तरी विसार देण्याआधी पुढील गोष्टी कागदावर असाव्यात. गाडीचा नेमका प्रकार आणि रंग, एकूण किंमत आणि तिच्यातल्या सगळ्या बाबी, ताब्याची तारीख, आणि सौदा मोडला तर विसारातून किती परत मिळेल ते. बुकिंगच्या छापील अर्जावर बारीक अक्षरांत "ताबा देण्याच्या दिवशीची किंमत लागू" असे बहुधा असते. ते वाचावे आणि त्याबद्दल तिथल्या तिथे विचारावे.

पैसे वितरकाच्या संस्थेच्या खात्यातच भरावेत, विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर नव्हे. टोमॅटोची रोकड पिशवीत घालून न्यायची सवय इथे चालत नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

ताबा घेताना दिवसाउजेडी घ्यावा. गाडीची निर्मिती कोणत्या महिन्याची, ते विचारावे. चेसिस नंबर बिलाशी जुळवावा. रंगावर ओरखडा, जॅक, जादा चाक, दोन्ही किल्ल्या, विम्याचा कागद, टॅक्सची पावती हे सगळे पाहूनच सही करावी. एकदा सही झाली की मग हेलपाटे आपल्या नशिबी.

आणखी एक सूचना. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने प्रवासी न्यायला वापरू नये. गावातली पोरे शाळेत सोडून पेट्रोलचे पैसे काढू, असा विचार पुष्कळजण करतात. त्यासाठी वेगळी नोंदणी आणि परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग वाचवलेले चौतीस हजार कुठल्या कुठे जातात.

शेतकरी कुटुंबात गाडी रोज घेतली जात नाही. एका पिढीत एकदा, फार तर दोनदा. विकणारा मात्र रोज विकतो, म्हणून त्याला सगळे ठाऊक असते आणि आपल्याला काही नसते. ही तूट भरून काढायला शिक्षण लागत नाही. तीन ठिकाणचे कागद, एक वही आणि चार दिवसांचा धीर लागतो. घरात हिशेब ज्याला कळतो त्याला, मग ती सून असो, मुलगी असो की शाळेत जाणारा नातू, बरोबर न्यावे आणि बोलू द्यावे. पुरुषमंडळी गाडीच्या रंगाकडे बघत असतात तेव्हा त्या कागदाकडे कुणीतरी बघायला हवे.

दादांच्या दारात आता व्हॅन उभी आहे. डिसेंबरात आजी तिच्यातून पुण्याला जाऊन आल्या. बँकेतले टोमॅटोचे पैसे सगळे गेले नाहीत, थोडे राहिले आहेत, आणि ते पुढच्या लागणीला पुरतील.